बैल बंद पडत नाही

“इंजिन बंद पडतं, माणूस रजा टाकतो, बैल कधीही बंद पडत नाही.” रेसिडेंट इंजिनिअर उद्धवराव बोकारे यांचं हे वाक्य मुंबईच्या हेड ऑफिसात टाइप होऊन कंपनीच्या सगळ्या साइटवर फिरलं होतं. आज सकाळी आठ वाजता पिंपरीच्या साइटवर बैल बंद होते.

बिघडले नव्हते. विहिरीजवळच्या चिंचेखाली न्हाऊनमाखून, अंगावर झुली घेऊन उभे होते आणि त्यांचा मालक दत्तोबा एकाच्या शिंगाला तांबडा रंग देत होता. रंग कंपनीचा, कारखान्याच्या लोखंडी तुळयांना लावायचा. तो चांदभाई मिस्त्रींनी दिला होता.

“पोळा हाय, साहेब,” दत्तोबा म्हणाला.

बोकाऱ्यांनी मान वळवून ऑफिसच्या झोपडीकडे पाहिलं. तिथे भिंतीवर त्यांचा तीन हात लांब चार्ट होता. त्यात पाऊस होता, स्वातंत्र्यदिन होता, गणपती होते, मिस्त्रींची ईद होती, आणि श्रावण अमावास्येला लाल पेन्सिलीने पोळाही होता. बोकारे वर्ध्याचे. पोळा कोण विसरेल?

“पोळा महिन्यापूर्वी झाला, दत्तोबा.”

“तो तुमचा. आमचा भादवी, आजच्या अवसेला.”

बोकाऱ्यांना एकदम आठवलं. श्रावणातल्या त्या अमावास्येला हीच जोडी साइटच्या हौदासाठी मुकाट्याने मोट ओढत होती. त्यांनी दत्तोबाची पाठ थोपटली होती आणि पिंपरीचा शेतकरी रूढीच्या पलीकडे गेल्याचं मुंबईला कळवलं होतं. त्याच पत्रात ते वाक्य होतं. त्याच पत्राच्या जोरावर डिझेलचा पंप परत पाठवला होता.

त्या दिवशी बोलला का नाहीस, असं त्यांनी विचारलं. दत्तोबाने कुंचला खाली ठेवला. साहेब पाठ थोपटत होते, तेव्हा मधेच बोलायचं कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं. मग बोकारे चांदभाईंकडे वळले. चांदभाई म्हणाले, “मला वाटलं, चार्टात असेल, साहेब.”

काल संध्याकाळी कारखान्याचा स्लॅब ओतून झाला होता. आता आठवडाभर त्याच्यावर पाणी उभं हवं, नाहीतर भेगा. पाऊस संपलेला, वर ऑक्टोबरचं ऊन. हौद कोरडा. आणि अकरा वाजता डायरेक्टर मुंबईहून मोटारीने येणार होते, स्लॅब बघायला आणि पुणे विभागाचा मॅनेजर कोण ते ठरवायला. नावं दोन होती. दुसऱ्या इंजिनिअरच्या साइटवर डिझेलचे दोन पंप होते.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं हे पहिलं वर्ष, असं बोकाऱ्यांनी दत्तोबाला समजावलं. पुढच्या महिन्यात तुझी पिंपरी आणि माझं वर्धा एका राज्यात येणार, मग सणाला दोन अमावास्या कशाला, असंही विचारून पाहिलं. दत्तोबा सगळं ऐकून घेत होता. शिंग निम्मं रंगलं. शेवटी तो एवढंच म्हणाला की तुमच्या घरी आज पोळा असता, तर वडिलांनी बैल जुंपला असता का?

पोळ्याच्या आदल्या रात्री, खांदेमळणीला, बोकाऱ्यांचे वडील बैलाच्या मानेला लोणी-हळद चोळत आणि कानाशी वाकून उद्या जेवायला या म्हणत. त्या रात्री घरात मोठ्याने बोललेलंही वडिलांना चालत नसे.

“मोट घ्या, नाडा घ्या,” दत्तोबा म्हणाला. “बैल न्हाई.”

मजूर सगळे आसपासच्या गावांतले. आज घरोघरी बैल धूत होते. साइटवर उरले दोन कारकून, स्टोअरकीपर, नकाशे काढणारा, पहारेकरी आणि चांदभाई. या सहांना बोकाऱ्यांनी मोटेच्या दोराला लावलं. पहिली मोट निम्म्यात लटकली. तेव्हा त्यांनी टाय शर्टात खोचला, हॅट खुंटीला अडकवली आणि सातवे म्हणून सगळ्यात पुढे उभे राहिले.

मोट वर आली. सातजण उतारावरून खाली धावायचे, पाणी विहिरीकाठच्या दगडी कुंडात, थारोळ्यात, पडून पाटाने हौदाकडे जायचं, की सातजण पुन्हा उलटे वर. दत्तोबाला दया आली, तो मोट सावरायला विहिरीवर उभा राहिला. सवयीने त्याच्या तोंडून बैलांना द्यायची हाळी निघायची, मग तो जीभ चावायचा. तीस मोटांनंतर चावेनासा झाला.

हौद भरला. हातपंपाने पाणी वर चढलं. स्लॅबवर मातीचे बांध घातले होते, त्यांत चार बोटं पाणी उभं राहिलं. खालून सोजराबाईंनी, दत्तोबाच्या बायकोने, छपरावर भात लावणार का म्हणून विचारलं.

डायरेक्टर आले तेव्हा वरकड म्हणून आणखी दोन मोटा काढणं चाललं होतं. ते उताराच्या कडेला थांबले. आधी चिंचेखालच्या रंगवलेल्या जोडीकडे पाहिलं, मग दोराकडे. तुमच्या पत्रात बैल बंद पडत नाही असं होतं, ते म्हणाले.

“चालू आहे, साहेब,” बोकारे धापा टाकत म्हणाले.

डायरेक्टर शिडी चढून वर गेले. बराच वेळ वाकून पाणी बघत राहिले. खाली आले आणि म्हणाले, “बोकारे, एक तारखेपासून पुणे विभाग तुमचा.”

बोकाऱ्यांनी हात पुढे केला. तळवा सोलला होता, तरी डायरेक्टरांनी तो दोन्ही हातांत धरला. चांदभाईंनी टाळी वाजवली, कारकुनांनी वाजवली. तेवढ्यात दत्तोबा बैल सोडून घेऊन आला. थोरल्याने थारोळ्यात तोंड घातलं आणि दमाने, एका घोटाला दुसरा लावत, ते तळापर्यंत कोरडं केलं.

दत्तोबाने अदबीने पटका सारखा केला.

“साहेब, येक मोट आनखी काढता का? धाकला प्यायचा ऱ्हायलाय.”