दहा मिनिटं पुढे

नव्या सर्व्हरवर वसंतराव खांबेटे तिसऱ्यांदा सुरू होता होता बंद पडले. स्क्रीनवर पुन्हा तोच संदेश होता: वेळ जुळत नाही.

शाल्मलीने डिस्क तपासली, ड्रायव्हर बदलले, नेटवर्कही पाहिलं. सगळं ठीक होतं. सकाळपासून तिने चाळीस दिवंगतांना, म्हणजे त्यांच्या बोलत्या डिजिटल प्रतींना, जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलवलं होतं. अडले ते एकटे वसंतराव, आणि सहाला जुना सर्व्हर कायमचा बंद होणार होता.

मग तिच्या लक्षात आलं की त्यांच्या प्रतीचं घड्याळ बरोबर दहा मिनिटं पुढे आहे, आणि दर वेळी आपणच ते दुरुस्त करतोय. असं का असेल? तिने त्यांच्या मुलीला, नलिनीताईंना फोन लावला.

त्या हसल्या. "बाबा घरातलं घड्याळ पुढेच ठेवायचे, एसटी चुकू नये म्हणून. गेल्यावर तुमच्या यंत्रणेतही हट्टाने तसंच लावून घेतलं."

"पण ते पुढे आहे हे त्यांना ठाऊक असायचं ना? मग उपयोग काय?"

"हेच आई चाळीस वर्षं विचारत होती."

शाल्मलीने नव्या सर्व्हरवरचं त्यांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. वसंतराव जागे झाले.

"किती वाजले?"

"साडेपाच," स्क्रीनवरच्या त्यांच्या घड्याळाकडे पाहत ती घाईने म्हणाली.

"म्हणजे खरे पाच वीस," वसंतराव समाधानाने म्हणाले. "अजून दहा मिनिटं आहेत माझ्याकडे. उगाच धावपळ कशाला करतेस, पोरी?"