भिवंडीची हवा

फिल्टर पुन्हा काळा पडला होता. केसरीनाथनं तो मशीनमधून काढून ऑफिसच्या गच्चीच्या कठड्यावर आपटला, तशी काजळी त्याच्याच तोंडावर उडाली. नवा फिल्टर नव्हता. परदेशी मदतीतून मशीन आलं होतं, फिल्टर सरकारनं घ्यायचे होते. आणि पर्यावरण खात्याचं सरकार म्हणजे भिवंडीत भाड्याची एक खोली, ड्रायव्हर नसलेली जीप आणि केसरीनाथ.

मशीन हवा मोजायचं. आकडा थेट कुणाच्याही मोबाईलवर दिसायचा, वर नाव यायचं भिवंडी. हवा चांगली असली की हिरवा रंग, वाईट असली की लाल. मशीन बसल्यापासून हिरवा कुणी पाहिलाच नव्हता. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या बॉयलरमध्ये चिंध्या आणि प्लॅस्टिक जळत होतं, गोदामांच्या रस्त्यांवर ट्रक धुरळा उठवत होते. दुसरं काय दिसणार?

याच हवेनं केसरीनाथचं भिवंडीलगतच्या राहनाळचं घर ओस पाडलं होतं. त्याच्या बायकोला, कमळला, दमा होता. दोनदा तिला रिक्षात घालून दवाखाना गाठावा लागला. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असा झटका आला तर एवढाही वेळ मिळायचा नाही. हवा सुधारेपर्यंत यांना इथं आणू नका."

तेव्हापासून कमळ गणेशपुरीला भावाकडे राहत होती. गणेशपुरी भिवंडी तालुक्यातलंच, पण पार टोकाला. तिथं भातशेती, झाडं, मोकळा वारा. तिचा श्वास सुधारला, पण मन काही रमेना. केसरीनाथ जमेल तेव्हा एसटीनं जायचा. ती अंगणात त्याला चहा द्यायची आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"हवा कशी हाय तिकडं?"

"तशीच."

"मला हितं झोप न्हाय लागत हो. लूमचा खडखडाट नसला की कान कसे रिकामे वाटतात."

"जरा कळ काढ."

"आणि जवळा? आपल्या गच्चीवर सुकवतं का कोण?"

तो हसून विषय बदलायचा. घरी परतला की मात्र दिवाही न लावता नुसता बसून राहायचा.

पावसाळा सरल्यावर मदत देणाऱ्या संस्थेची माणसं पाहणीला आली. सोबत मुंबईचे साहेब होते. त्यांच्यातल्या प्रमुख परदेशी बाईंनी गच्चीवर उभं राहून रुमाल नाकाला लावला. मशीन त्या दिवशीही बंदच होतं. फिल्टर तुंबला होता, त्यात वीज गेलेली.

बाई शांतपणे बोलल्या. साहेबांनी त्याचं मराठी केलं. "आकडे सलग मिळाले नाहीत तर पुढची मदत थांबेल. नदीचं पाणी तपासायची प्रयोगशाळाही मग विसरा."

पाहुणे गेल्यावर साहेबांनी केसरीनाथला गाडीपाशी गाठलं. "फिल्टर मी कुठून आणू? माझ्याकडे प्रिंटरला शाई नाही. मशीन अशा जागी हलवा, जिथं ते चालू राहील."

"पण साहेब, धूर इथं आहे."

"तालुका सोडू नका म्हणजे झालं. नाव भिवंडीच राहील."

हे बरोबर नाही, हे केसरीनाथला कळत होतं. पण जीभ वेगळंच बोलून गेली. "गणेशपुरीच्या शाळेची गच्ची आहे, साहेब. दर आठवड्याला जाऊन देखभाल मीच करीन."

मशीन हललं. फिल्टर पांढरे राहू लागले. आकडे सलग गेले, मदत चालू राहिली, प्रयोगशाळेच्या जागेची मोजणी झाली. आणि केसरीनाथला दर शुक्रवारी सरकारी ड्युटीवर बायकोच्या गावी जायला मिळू लागलं.

कमळला त्यानं मशीनबद्दल चकार शब्द सांगितला नाही. हा माणूस खास आपल्यासाठी येतो, असं तिला वाटावं, एवढाच त्याचा लोभ होता.

"दर शुक्रवारी कशी काय सुट्टी मिळते तुमाला?" तिनं एकदा विचारलं.

"मागून घेतो. तुझ्यावाचून करमत नाही."

ती लाजली. इतक्या वर्षांनी लाजली, म्हणून तोही लाजला. दोघं गरम पाण्याच्या कुंडाच्या बाजूला फिरायला गेली. चढावर ती कुठं थांबली नाही, तिला धाप लागली नाही. हल्ली ती हवेचंही विचारत नसे. तिला इथलीच सवय झाली असावी, असं त्याला वाटलं आणि मनात कुठंतरी बारीक कळ उठली. आता राहनाळचं घर तिला नकोसं झालं असेल का?

निघताना तिनं त्याची बाही धरली. "आपल्या घरी परत एकत्र राहू ना आपण?"

"राहू. बघ तर, सगळं नीट होईल."

पुढच्या शुक्रवारी त्यानं शाळेच्या गच्चीवरचं मशीन पुसलं आणि गजरा घेऊन मेहुण्याच्या अंगणात पाऊल टाकलं. कमळ दिसली नाही. तिची भावजय, रूपावहिनी, भात पाखडत होत्या. त्याला बघून त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"अगंबाई दाजी, तुमी हितं कसे?"

"दर शुक्रवारी येतोच की. कमळ कुठाय?"

"ती तर सकाळच्याच एसटीनं राहनाळला गेली. तुमाला सांगायचं न्हाय म्हनली, घरी आल्यावर चकित करायचं होतं. रोज मोबाईल घेऊन बसायची, काल नाचतच आली माझ्याकडं. म्हनली, वहिनी, महिना झाला, भिवंडी हिरवीच हाय!"