दसऱ्यानंतरची ठिणगी

चट्ट! टेस्टिंग मशीनमध्ये निळी ठिणगी चमकली आणि अभ्रकाची पूड मिसळलेली प्लास्टिकची आणखी एक पट्टी नापास झाली.

“मी म्हणत होतो, वीज अडवायला आपलं साधं प्लास्टिकच बरं,” कारखान्याचे मालक खानोलकर कुरकुरले. “दुपारी स्विचबोर्डवाले येतायत. त्यांना काय दाखवू? ठिणग्या?”

इरावतीला रडूच येत होतं. हे मिश्रण तिनेच तयार केलं होतं आणि दसऱ्याआधी त्याची एकही पट्टी नापास झाली नव्हती. तिने हातातली पट्टी उजेडात धरली. वीज आरपार गेली की भोक पडतं. इथे भोकच नव्हतं. वीज वरच्या वर, एका ओलसर लाल रेघेवरून पळाली होती.

“साहेब, काल पूजा कशाकशाची केलीत?”

“सगळ्यांची! मशीनची, पट्ट्यांची. हळदीकुंकू चांगलं कालवून बोटं ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

तिने एक पट्टी स्पिरिटने लख्ख पुसून मशीनमध्ये लावली. काटा चढत गेला. ठिणगी काही पडली नाही.

“पास!” खानोलकर चक्क नाचले. “थांब, नारळ फोडतो!”

“फोडा की,” उरलेल्या पट्ट्या पोटाशी धरत ती म्हणाली, “पण अंगणात!”