तीट

हाही डोळा मेलेलाच निघाला.

लवूने तो खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून पाहिला. बुबुळाचा तपकिरी रंग बरोबर होता. पांढऱ्यावरची पिवळसर झाक बरोबर होती. लाल रेशमाचे तंतू लावून काढलेल्या शिराही बरोबर होत्या. तरी तो डोळा कुणाकडेच बघत नव्हता.

"रविवारी येतत ती माणसा," त्याची बायको कौसल्या आतून म्हणाली. "आठवण आसा मां तुमका?"

लवूने डोळा बशीत ठेवला. त्याआधीचेही तिथेच पडले होते.

परळच्या एका दवाखान्यासाठी तो कित्येक वर्षं कृत्रिम डोळे रंगवत आला होता. जिवंत काही बघितल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, ही त्याची रीत. शिरा जमेनात की तो शिवडीला जाई आणि ओहोटीच्या चिखलात पाण्याच्या वाटा कशा फुटत जातात ते बघत बसे. बुबुळासाठी खेकड्याची पाठ न्याहाळी. मात्र माणसाचा चेहरा तो कधीच बघत नसे. धड डोळ्यापुरतं भोक असलेलं हिरवं कापड तोंडावर घालूनच नर्स पेशंटला आत आणी. चेहरा दिसला की कीव येते आणि कीव आली की डोळा बिघडतो, असं लवूचं म्हणणं. मुळात तो माणसांना बुजायचा. मास्क आणि भिंग चढवलं की पेशंटलाही त्याचे हात तेवढे दिसत. त्याला ते बरंच वाटे.

काम संपलं की प्रत्येक डोळ्याला तो तीट लावी. बाळाच्या गालावर काजळाची लावतात तशी, पण लाल. कानाकडच्या कोपऱ्यात एका तंतूला बगळ्याच्या पावलासारखे तीन फाटे. अशी शीर कुणाच्याच डोळ्यात नसते. देवाशी बरोबरी नको, म्हणून जाणूनबुजून ठेवलेली एवढी एक चूक.

आणि आता स्वतःच्या मुलीचा डोळा त्याला जमत नव्हता.

गेल्या दिवाळीत चाळीच्या गॅलरीत फुटलेल्या फटाक्याने अक्षदाचा डावा डोळा नेला. खरं सांगितलं म्हणून दोन स्थळं मोडली. हे फणसवाडीचं स्थळ तिसरं. या खेपेला आधी तोंड उघडायचं नाही, असं कौसल्येने बजावलं होतं. आणि अक्षदाही म्हणाली होती, "मीच सांगेन, बाबा. पण एकदा तरी कुणीतरी आधी मला बघू दे. डोळा मग."

त्या वाक्यापासून लवूची झोप उडाली होती.

अक्षदा मागे येऊन उभी राहिली. "माझ्यावर कापड का नाही घालत?"

"पोरीच्या तोंडावर कापड घालू?"

"शुभ बोल गो!" कौसल्या ओरडली.

"मग काय करू, आई? बाबा माझ्याकडे बघतात आणि रडतात. ओल्यावर रंग बसतो का कधी?"

तिने स्वतःच कापड ओढून घेतलं आणि खुर्चीत मान टेकली. लवूने भिंग चढवलं. श्वासाने कापडाची कडा हलत होती. तेवढी बघत तो थांबून राहिला. हळूहळू त्याची मुलगी दिसेनाशी झाली. भोकात फक्त तिचा उजवा डोळा उरला, बिळातून वर आलेल्या खेकड्यासारखा ओला, सावध, कुणाचाच नसलेला.

लवूने ब्रश उचलला.

संध्याकाळी तो म्हणाला, "तीट नको याला. कुणाला दिसली तर?"

"लावा," अक्षदा म्हणाली. "माझ्याच डोळ्याला दृष्ट लागायला हवी का?"

रविवारी हर्षवर्धन आणि त्याची आई जाईबाई आली. कौसल्येने अक्षदाला पढवून ठेवलं होतं, नजर फिरवायची नाही, मान फिरवायची. पोह्यांच्या बश्या देताना अक्षदाने ते नीट पाळलं. मुलगाही शांत होता. बशी घेतानासुद्धा अख्खी मान वळवून घेतली त्याने. कौसल्येला ते वळण फार आवडलं.

"बोलूचो कमी," त्याच्या उजव्या हाताला बसलेली जाईबाई म्हणाली. "मामाच्या घराक गेलो तरी खाली मान."

पण आता त्याची मान खाली नव्हती. तो लवूच्या हातांकडे बघत होता. लवूचा अंगठा लहानपणी दारात सापडून वाकडा झाला होता, आणि नखात लाल रंग राहिला होता. लवूने तो मुठीत लपवला. मुलाने सावकाश मान वळवून अक्षदाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग पुन्हा त्या मुठीकडे.

ओळखलं याने, लवूच्या मनात आलं. सगळं संपलं.

"आई, मला पसंत आहे," हर्षवर्धन म्हणाला.

"अरे मेल्या, घराक जाऊन कळवतत!" जाईबाई हसत सुटली. कौसल्येने पदर डोळ्यांना लावला. अक्षदा मात्र हसली नाही. तिने बापाकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

तिला ते बोलावं लागू नये, एवढंच लवूला वाटलं. जन्मात कधी भरल्या घरात न बोललेला तो माणूस उभा राहिला.

"थांबा. मला... तुमच्यापासून एक लपवलंय आम्ही."

कौसल्येने चहाचा ट्रे खाली ठेवला. जाईबाईचं हसू विरलं.

"काका, आधी नमस्कार करू द्या," हर्षवर्धन म्हणाला आणि वाकला.

लवूने त्याला खांद्यांना धरून उठवलं. खिडकीचा उजेड मुलाच्या तोंडावर पडला. हा चेहरा लवूने कधीच पाहिला नव्हता. मुलाच्या उजव्या डोळ्यात, कानाकडच्या कोपऱ्यात, एक बारीक लाल शीर होती.

तिला तीन फाटे होते.