सर्वणच्या सड्यावरचा सूर्य

१७ नोव्हेंबर १९८७, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. सर्वणच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, माणसे चार.

सर्वेअर कृष्णनाथांनी कोन मोजायचा थिओडोलाइट तिवईवर बसवला. यंत्र सगळे पितळी, लोखंडाचा कण नसलेले. इथल्या डोंगराच्या पोटातले खनिज होकायंत्राची सुई वाटेल तिकडे ओढत असे आणि खाणपट्ट्याची जुनी हद्द त्याच सुईने आखलेली होती. आज खरी उत्तर दिशा सूर्यावरून काढायची होती. बागायतदार बाबलीची पाण्याची झर पट्ट्याच्या आत की बाहेर, हे त्यावर ठरणार होते. आत गेली, तर त्याचे सुपारीचे कुळागर सुकणार होते.

"सुईचा फरकही नोंदवायचा आहे. लोखंड लांब ठेवा," कृष्णनाथ म्हणाले.

बाबलीने कमरेचा कोयता दूर नेऊन ठेवला. "डॉक्टरान दिल्यो लोखंडाच्यो गोळ्यो पोटात आसत, सायबा. त्योय काडून दवरू?"

खाणीचा मुकादम अनिल उजवीकडून हसला. कृष्णनाथांनी अख्खी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. ते फार थकलेले दिसत होते.

नवा मदतनीस गौरेश पणजीहून कालच रुजू झाला होता. कृष्णनाथ त्याला सावकाश समजावू लागले, "यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावतो त्या नेत्रिकेवर काळी काच चढवल्याशिवाय सूर्याकडे पाहायचे नाही. दुर्बीण ऊन एकवटते. डोळा जळतो आणि जळताना दुखतसुद्धा नाही."

एवढे बोलून काच चढवताना ती त्यांच्या बोटांतून निसटली. जांभ्या दगडावर तिचे तुकडे झाले.

"सर, प्रतिमा कागदावर घेऊ या," गौरेश म्हणाला.

"या वाऱ्यात कागद ठरेल का?"

"मग उद्या या," अनिल म्हणाला. "पण खोदाईचं मशीन आज दुपारी लागणार. जुन्या हद्दीनं."

बाबलीने खाली कुळागराकडे पाहिले.

कृष्णनाथांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दुर्बिणीची सावली पाहून तिचे तोंड सूर्याकडे केले. गौरेशने त्यांचा खांदा धरला. "सर, नको!"

"तुला अजून चाळीस वर्षे नोकरी करायची आहे. माझी संपत आली. तू वेळ आणि कोन वाच."

त्यांनी उघड्या नेत्रिकेला उजवा डोळा लावला. स्क्रू किंचित फिरवला, थांबले, पुन्हा किंचित फिरवला.

"आता!"

गौरेशने आकडे वाचले. असे चार वेळा झाले. अनिलने तोंड फिरवले होते. गणित झाल्यावर त्याने सही केली. बाबली कृष्णनाथांच्या पायांना हात लावायला गेला, तर ते मागे सरले.

डिचोलीला पोहोचेपर्यंत गौरेश इस्पितळाचाच धोशा लावून होता. कृष्णनाथ नुसते "घरी" म्हणत राहिले. दार त्यांच्या पत्नीने, कमलाक्षीबाईंनी उघडले.

"वहिनी, सरांनी उघड्या दुर्बिणीतून सूर्य पाहिला! उजव्या डोळ्यानं!"

त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिले, आत गेल्या आणि वाटीत पाणी घेऊन आल्या.

"काढा तो आधी. सड्यावरची धूळ गेली असेल."

कृष्णनाथांनी उजव्या खोबणीतून काचेचा डोळा काढून वाटीत सोडला.

सही झालेल्या कागदावर झर पट्ट्याबाहेर होती: अकरा मीटर.