शंभर घरांचं पांघरूण

"बाळ येईपर्यंत घरात साधं टोपडंसुद्धा आणायचं नाही," पुण्याहून सिंगापूरला आल्या आल्या सासूबाईंनी मला बजावलं. गेल्या वर्षी आणलेला पाळणा आम्हाला परत करावा लागला होता.

आज म्युझियममध्ये मात्र त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. "उल्का, टाके बघ! ही तर आपली गोधडी!"

मी पाटी वाचून दाखवली. बाळ सुखरूप राहावं म्हणून चिनी बायका शंभर घरांतून कापडाचे तुकडे मागून आणत आणि त्यांचं पांघरूण शिवत.

झालं! त्या थेट तिथल्या वयस्कर चिनी गार्डबाईंकडे गेल्या. आधी काच दाखवली, मग माझं पोट, आणि चक्क पदर पसरला. मी 'सॉरी' म्हणणार, तोच बाईंनी खिशातला फुलाफुलांचा रुमाल काढून त्यांच्या पदरात टाकला. "नाइंटी नाइन मोअर, लाह!" त्या खास सिंगापुरी हेलात म्हणाल्या.

"आई, काही आणायचं नव्हतं ना?"

"आणायचं नाही म्हटलं होतं. मागायचं नाही असं कुठे म्हटलं?"

रुमाल ठेवायला त्यांनी पिशवी उघडली. तळाशी माझ्या नवऱ्याचं, तान्हेपणीचं दुपटं होतं, नीट घडी घातलेलं.

"नाइंटी एट!" त्यांनी गार्डबाईंना ओरडून सांगितलं.