पाच वाजून पाचपर्यंत

चार वाजून अडतीस मिनिटांनी नवऱ्याने मनगट धाकटीच्या नाकासमोर आणलं आणि घड्याळाच्या काचेवर नखाने टकटक केलं.

"बारा मिनिटं," तो म्हणाला. "लिफ्टला रांग असते. पन्नासला उठायचं म्हणजे उठायचं."

धाकटीने मान वळवली नाही. समोर इस्पितळाच्या खाटेवर तिची ताई उशीला टेकून बसली होती. महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं अक्षराअक्षरावर आलं. जिच्या तोंडाला सगळं घर टरकायचं, तिला आता एक वाक्य बाहेर काढायला मिनिट लागत होतं. फोनवर तर काहीच कळत नसे. म्हणून धाकटी सहा तास गाडीत अंग आंबवून आली होती, ताईचं बोलणं समोर बसून ऐकायला.

भेटीची वेळ चार ते सहा. पण नवऱ्याच्या खिशातली बसची तिकिटं चालणार होती पाच वाजून पाचपर्यंत. या शहरात तिकीट एकदा काढलं की दोन तास चालतं, तेवढ्यात कितीही वेळा चढा-उतरा, असं शेजाऱ्याने सांगितलं आणि तेव्हापासून याच्या अंगात आलं होतं. तीन वाजून पाचला तिकीट काढायचं, भेटायचं आणि पाच-पाचच्या आत परतीच्या बसमध्ये पाय ठेवायचा. परत येणं फुकट. जातीचा घड्याळजी, आयुष्य लोकांची घड्याळं उघडण्यात गेलेलं. मिनिटांचं गणित त्याचं चुकणार नव्हतं. गावाकडची गाडी मात्र आठची होती. म्हणजे इथून उठून स्टँडवर जायचं आणि दोन-अडीच तास बाकड्यावर माश्या मारत बसायचं. हे तिने सकाळपासून दोनदा सांगून पाहिलं होतं. "बाकड्याला पैसे पडत नाहीत," असं त्यावर उत्तर मिळालं होतं.

"आ… आई…ची…" ताईने सुरुवात केली.

"आईची आठवण येते," नवऱ्याने वाक्य पुरं केलं. "येणारच. पुढे?"

ताईने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "आई…ची… पे…"

"पेटी. पेटी हवीय त्यांना. देऊ पाठवून."

"तुम्ही जरा गप्प बसता का?" धाकटी म्हणाली.

"अगं, मदत करतोय. त्यांना किती त्रास होतोय बघ. आणि सात मिनिटं राहिलीत."

ताईने तोंड मिटून घेतलं. डावा हात तिने उशीखाली घातला आणि चाचपून पाकीट बाहेर काढलं. एका हाताने चेन उघडेना, तेव्हा पाकीट मांडीवर दाबून, खाली वाकून तिने ती दातांनी ओढली. धाकटी मदतीला सरसावली तशी ताईने तिला कोपराने दूर सारलं. आतून चार नोटा निघाल्या. त्या तिने धाकटीच्या नवऱ्यापुढे धरल्या. नजर त्याच्यावरून हलली नाही.

"ताई, हे कशाला उगाच," म्हणत त्याने नोटा घेतल्या. बोटांनी चाळल्या. एक परत चादरीवर ठेवली. "एवढे नाही लागत. दोघांचं भाडं यात होतं." मग त्याने पायानेच स्टूल ओढलं आणि आल्यापासून पहिल्यांदा बसला. चपला काढल्या. "आता सहापर्यंत निवांत. बोला ताई, काय म्हणत होता?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ही काटकसर तिने लोकांसमोर कौतुकाने सांगितली होती, याची तिला आता किळस आली.

"ते पैसे खाली ठेवा," ती म्हणाली.

"अगं, त्यांनी आपणहून दिले. मी कुठे मागितले?"

"ठेवा. आणि उठा. तुमचं तिकीट अजून चालतंय ना? निघा. मी सहाची घंटा झाली की येईन, माझं दुसरं तिकीट काढून."

"मग तुझं हे वाया जाईल."

"जाऊ दे."

"काढलेलं तिकीट कुणी असं—"

"आत्ताच्या आत्ता गेला नाहीत, तर मी आठच्या गाडीतही बसणार नाही."

आवाज वॉर्डाच्या टोकापर्यंत गेला. नवऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. नोटा चादरीवर ठेवून त्याने चपला पायात सरकवल्या. खिशातून तिचं तिकीट काढलं आणि औषधांच्या बाटलीला टेकवून उभं केलं.

"ठेवून जातो," तो म्हणाला. "मन बदललं तर पाच-पाचपर्यंत चालेल."

धाकटी खिडकीशी गेली. बऱ्याच वेळाने तो खाली फाटकातून धावतच बाहेर पडला, साठी उलटलेला माणूस, एक हात वर करून. बस थांबली. तो चढला. वर त्याने पाहिलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात चार छप्पन झाले होते.

"नऊ मिनिटं शिल्लक होती, ताई," खाटेवर येऊन बसत धाकटी म्हणाली. "तेवढीसुद्धा… तेवढीसुद्धा यांना…"

पुढचं तिच्या तोंडून फुटेना. ताईने तिचा हात हातात घेतला आणि जराही घाई न करता ती वाक्य पुरं होण्याची वाट पाहत राहिली.